मशीनवरचा चष्मा

"फ्रिज बंद. पंखा बंद. आता काय राहिलं?" डायरेक्टरने विचारलं.

"घड्याळ," साउंडवाला म्हणाला. स्टुलावर चढून त्याने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि खिशात टाकला. काटे जिथे होते तिथे उभे राहिले. "फोन सगळे स्वयंपाकघरात ठेवायचे. नुसते सायलेंट नाही, बंद. आणि तुझ्या स्कूटरची किल्ली दे."

"कुठे जायचंय का, दादा?"

"फ्रिजमध्ये ठेवायचीय."

ती हसली, पण त्याने हात पुढे केलेलाच होता. तिने किल्ली दिली. त्याने फ्रिज उघडला आणि दुधाच्या पातेल्याशेजारी किल्ली ठेवून दार लावलं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची ही जुनी सवय. फ्रिजची घरघर माईकवर येते म्हणून तो बंद करतात आणि काम आटोपलं की सुरू करायला विसरतात. किल्ली आत असली की कुणी तसंच निघून जाऊ शकत नाही. दोनदा दूध नासल्यावर आणि एकदा बायकोने तीन दिवस अबोला धरल्यावर तो हे शिकला होता.

डायरेक्टर म्हणजे दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी एक पोरगी. रविवारला रविवार जोडून तिने एक छोटी फिल्म काढली होती. बंद दाराबाहेर बसून एक आई आतल्या मुलीशी बोलते, एवढीच गोष्ट. चित्र छान आलं होतं. आवाज मात्र सगळा गेला होता, कारण शेजारच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत होता आणि शूटिंगच्या गडबडीत कुणी हेडफोन लावून ऐकलंच नव्हतं. स्पर्धेची मुदत आज संध्याकाळपर्यंत. म्हणून आईचे सगळे संवाद आज दुपारी, इथे, त्याच्या घरात पुन्हा बोलून घ्यायचे होते.

त्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तो ज्या स्टुडिओत उमेदवारीपासून होता तिथे आता व्यायामशाळा आहे. एकेकाळी जिथे लोक चपला काढून चवड्यावर चालायचे, तिथे आता वजनं आपटतात. स्टुडिओ बंद झाल्यावर त्याने बाहेरच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट रिकामं केलं, दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या केल्या, वरून रजया सोडल्या आणि मधोमध माईक टांगला. या बिळात शिरून आजवर बरेच जण बोलून गेले होते. आज आत बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, हौशी नाटकांत कामं करणाऱ्या. सगळे त्यांना बाईच म्हणत.

"अहो साउंडवाले," रजईमागून बाईंचा आवाज आला, "हे मधूनमधून कोण फुसफुसतंय? मी तर अजून तोंड उघडलं नाहीये."

"वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. आतल्या खोलीत."

त्याला वाटलं होतं की गाद्यांनी भागेल. दाराच्या फटीत त्याने सकाळीच चादरी कोंबल्या होत्या. त्याने दोन वाक्यं रेकॉर्ड करून पाहिली. हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आणि त्याच्या खाली एक सलग घूं. त्यावर दर काही क्षणांनी एक 'फुस्स'. भूमिका हळू आवाजात बोलायची होती आणि 'फुस्स' नेमका बाईंच्या आवाजावर बसत होता. त्याने तो लॅपटॉपवर काढून पाहिला. तो गेला, पण बाई बादलीत तोंड घालून बोलल्यासारख्या वाटू लागल्या.

डायरेक्टरने तेवढं ऐकलं आणि हेडफोन परत केले. ती नखं कुरतडायला लागली.

"मशीन बंद करता येत नाही," तो म्हणाला. तिने विचारलं नव्हतं.

"नाही नाही, अजिबात नको. आपण बघू काहीतरी."

बघण्यासारखं काही नव्हतं. वीज गेली तर असावा म्हणून एक लहान सिलिंडर घरात असायचा. तो भरायला दिला होता आणि अजून आला नव्हता. आणि सकाळी औषधांच्या दुकानात कामाला निघताना बायको उंबऱ्यात थांबून म्हणाली होती, "काय करायचं ते करा. मशीनला हात लावायचा नाही." त्याने मान हलवली होती.

"बाळ!" आतून हाक आली. अण्णांनी सगळी उमर लेथ मशीनवर काढली. कारखान्याच्या गोंगाटावरून बोलायची सवय होती, तेव्हा त्यांचं कुजबुजणंही कोपऱ्यावर ऐकू जायचं. आता दम्याने आवाज निम्मा झाला होता. पन्नाशीच्या मुलाला ते अजून बाळच म्हणत.

तो आत गेला. अण्णा उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी, शेजारी पाण्याचा स्टीलचा ग्लास आणि त्यात चमचा. चमचा ही त्यांची घंटा.

"बंद कर ते."

"नाही करायचं अण्णा."

"जेवताना काढतो की नळी. डॉक्टर काय म्हणाला? दहा-पंधरा मिनिटं चालतं."

"शांत बसलात तर, असं म्हणाले."

"मग मी काय नाचणार आहे?" एवढं बोलून त्यांनी थोडा दम घेतला. "ती पोरगी रडवेली झालीय. मला ऐकू येतंय."

"तुम्हाला पोरगी ऐकू येते आणि मी हाका मारतो त्या नाही येत."

"कामाचं तेवढं येतं." ते गालात हसले. "सूनबाई संध्याकाळी यायची. तिला कोण सांगतंय?"

रात्री वीज गेली की मशीन थांबतं आणि त्या क्षणी तो झोपेतून ताडकन उठतो. इतरांना आवाजाने जाग येते, त्याला आवाज थांबल्याने. अशा माणसाने घर गप्प करायचं काम पत्करावं, याचं त्याला स्वतःलाही कधी कधी हसू यायचं. आत्ता येत नव्हतं.

"चमचा हातात धरा," तो शेवटी म्हणाला. "जरासं जरी वाटलं तरी वाजवायचा. टेकचं काय व्हायचं ते होऊ दे."

"बरं."

"बरं नाही. वाजवणार ना?"

"अरे हो रे बाबा."

मशीन बंद करण्याआधी त्याला फ्रिजमधली किल्ली आठवली. इथेही काहीतरी ठेवायला हवं, ज्याच्याशिवाय आपलं अडेल. त्याने खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं आणि नाकावरचा चष्मा काढून मशीनवर ठेवला. चष्म्याशिवाय त्याला जवळचं काही वाचता येत नसे. आवाजाची पातळी लावून झाली होती. पुढचं काम कानांचं होतं. त्याने बटण दाबलं. मशीनने एक लांब उसासा टाकला आणि ते थांबलं.

बाहेर येऊन त्याने दार लावून घेतलं, फटीत चादर सारली आणि हेडफोन चढवले. घर इतकं शांत त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

"चला बाई. पटकन."

पहिला टेक चांगला चालला होता, पण मध्येच बाईंची बांगडी गादीवर घासली. त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या. दुसऱ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, आणि गेली तीही अशी की चालवणाऱ्याला सगळ्या जगाला ती दाखवायची होती. तिसऱ्यात डायरेक्टरचं पोट वाजलं.

"सॉरी! सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

"अगं मग खाऊन यायचं," बाई आतून म्हणाल्या. "मी रडायच्या बेताला आले आणि तू गुरगुरतेस."

प्रत्येक टेकनंतर तो दाराकडे तोंड करून "अण्णा?" म्हणत होता, आणि आतून "हं" येत होतं. तिसऱ्या वेळचा "हं" त्याला आखूड वाटला. किती वेळ झाला असेल? त्याने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात अजून सुरुवातीचीच वेळ होती. फोन स्वयंपाकघरात बंद. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वेळ असणार, पण त्याला तिथे नुसता एक पांढरा डाग दिसत होता.

"बघ गं, काउंटरवर किती दिसतंय?"

डायरेक्टरने वाकून पाहिलं. "दोन मिनिटं आणि काहीतरी."

दोन मिनिटं. त्याला बरं वाटलं. काउंटर प्रत्येक टेकला शून्यापासून सुरू होतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानेच तसं लावून ठेवलं होतं. तरी बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या भरात तो म्हणाला, "एकच अजून. बाई, हा शेवटचा."

बाईंनी लगेच सुरुवात केली नाही. रजईआड त्या थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग बोलू लागल्या. आधीच्या तीन वेळा त्या भूमिका करत होत्या. आता त्या कुणाच्या तरी दाराबाहेर जमिनीवर बसल्या होत्या.

"दार उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "उघडलंस तर मला काय बोलावं ते सुचायचं नाही. मी इथेच बसलेय. बोलूही नकोस. तू आत आहेस एवढं फक्त मला कळू दे."

इथे थांबायचं होतं. फिल्ममध्ये इथे आई दाराला कान लावते आणि आतून काहीच येत नाही. डायरेक्टरने कागदावर 'मोठा पॉज' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

हेडफोनमध्ये त्या शांततेत त्याला श्वास ऐकू आला.

बाईंचा नव्हता. बाई माईकच्या तोंडाशी होत्या. हा लांबून, भिंतीपलीकडून येत होता. कपाट ज्या भिंतीला टेकलेलं होतं तिच्या मागेच अण्णांची उशी होती. हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं, कारण मशीनच्या आवाजात तिकडून दुसरं काही ऐकू येतच नसे. श्वास आखूड होता, एक पुरा व्हायच्या आत त्यावर दुसरा. मग स्टीलचा एक बारीक आवाज आला, चमचा ग्लासला लागल्याचा, आणि लागताक्षणीच कुणीतरी ग्लासवर हात ठेवावा तसा तो दबला.

"तू लहान असताना," बाई पुढे बोलू लागल्या, "अंधाराला घाबरायचीस. मी दाराबाहेर उभी राहून खोटं खोटं खोकायचे, तुला कळावं म्हणून, की मी गेले नाही."

तो उठला. खुर्ची करकरली. हेडफोनच्या वायरला हिसका बसून ते गळ्यात आले, त्याने ते तसेच टाकले आणि दाराच्या फटीतली चादर पायाने उडवून आत शिरला.

अण्णा पुढे वाकले होते. दोन्ही हातांनी पलंगाची कड धरलेली. ओठ जांभळट. त्याने मशीन सुरू केलं, नळी नाकात नीट बसवली, पाठीमागे हात दिला. मशीनने दम धरला, पहिला 'फुस्स' सोडला, मग दुसरा. तो मोजत नव्हता, पण प्रत्येक ऐकत होता. हळूहळू अण्णांचे खांदे खाली आले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका."

"झालं का पण?"

"झालं. चमचा का नाही वाजवलात?"

अण्णांनी हाताने खूण केली, थांब जरा. पुरेसा दम जमल्यावर म्हणाले, "लेथवर चालू कटात मशीन थांबवलं की जॉबवर वळ राहतो. मग घासत बसा जन्मभर. जात नाही तो."

"हा काय लोखंडाचा दांडा होता?"

"बाई छान बोलत होत्या."

"आणि आकडा किती होता?" चिमटीचं बोट अण्णांनी मुठीत दडवलं होतं.

"चष्म्याशिवाय मला दिसतंय होय?"

तेव्हा त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा स्वतःचा चष्मा बायकोने धुऊन खिडकीत ठेवला होता, तो तिथेच होता. आणि अण्णांच्या नाकावर त्याचा चष्मा होता, थोडा तिरका. हात लांब करून त्यांनी तो मशीनवरून उचलला होता, आकडा वाचला होता, आणि वाचून झाल्यावर ग्लासवर हात ठेवला होता.

त्याने चष्मा त्यांच्या नाकावरून अलगद काढला आणि स्वतःला लावला. काचा दमट होत्या. पुसायचं त्याला सुचलं नाही.

दारात डायरेक्टर आणि बाई उभ्या होत्या. डायरेक्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा, राहू दे सगळं. नाही पाठवायची फिल्म. आजोबा, खरंच सॉरी."

"का?" अण्णांनी विचारलं. "शेवटचं वाक्य राहिलं म्हणून?"

"ते मी बोलून टाकलं," बाई म्हणाल्या. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. "तुम्ही उठून गेलात, माझ्या काही ध्यानात आलं नाही. पुढ्यात रजई. मला वाटलं, कुणीतरी पाणी प्यायला उठलं. पावलं थांबली तशी बोलले, मशीनची फुसफुस सुरू व्हायच्या आत. माईक चालू होता ना?"

माईक चालू होता.

डायरेक्टर निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. "किल्ली," ती म्हणाली. फ्रिज उघडून तिने किल्ली घेतली, बटण सुरू केलं, फ्रिजची घरघर ऐकली आणि गार किल्ली मुठीत धरून तिथेच रडायला लागली. बाईंनी तिला खाली नेलं.

फिल्म मुदतीत गेली. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत त्याने संवाद साफ करून चित्रावर बसवले, पाठवून दिले आणि मग तो पुन्हा त्या चौथ्या टेककडे वळला. तसं काम संपलेलं होतं.

बायको आली तेव्हा तो हेडफोन लावून बसला होता. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघून थांबली. फ्रिजसाठी किल्ली होती, मशीनसाठी चष्मा होता. घड्याळासाठी कुणीच काही ठेवलं नव्हतं.

"हे बंद कसं पडलं?"

त्याने खिशातून सेल काढून पुढे धरला. तिने सेलकडे पाहिलं, कपाटातल्या रजयांकडे पाहिलं, दारापाशी पडलेल्या चादरीकडे पाहिलं. हातातला सेल घेतला नाही. आत गेली. अण्णांचा आवाज आला, "काही नाही गं, उगाच." मग चिमटी बोटावर टक्कन मिटल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन तिने एवढंच विचारलं, "किती वेळ?"

"घड्याळ बंद होतं," तो म्हणाला.

तिने आता सेल घेतला. स्टुलावर चढून घड्याळात बसवला, स्वतःच्या फोनमध्ये बघून काटे लावले आणि खाली उतरली. "जेवायला अण्णांबरोबर बसा आज," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जास्तच वाजत होती. त्याला ते बरं वाटलं.

किती वेळ, याचं एक उत्तर मात्र त्याच्यासमोर पडद्यावर होतं. आवाजाची रेघ लांबलचक पसरली होती. एका ठिकाणी चमच्याचा अगदी लहान उंचवटा, पुढे एका ठिकाणी खुर्चीचा मोठा. या दोन्हींच्या मधे बाईंचं एक अख्खं वाक्य होतं, अंधाराचं आणि खोट्या खोकल्याचं. ते फिल्ममधलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे, असं डायरेक्टरने मघाशी निरोप पाठवून कळवलं होतं. ते पूर्ण आलं होतं. कुठेही वळ नव्हता.

आवाज साफ करायच्या प्रोग्राममध्ये एक बटण असतं. ते दाबलं की जे काढून टाकलं तेवढंच ऐकू येतं. चुकून बोलण्याचा तुकडा तर गेला नाही ना, हे तपासायला. दुपारी घाईत त्याने ते दाबलं नव्हतं. आता दाबलं. बाई गेल्या. राहिला तो भिंतीपलीकडचा श्वास, वर चढत जाणारा, मग चमचा, मग तो दाबणारा हात, आणि पुन्हा श्वास. शेवटी खुर्ची करकरली. त्यानंतर नुसतं मशीन होतं.

त्याने ते वेगळं काढून ठेवलं. नाव काय द्यावं हे न सुचल्याने फक्त तारीख टाकली.

मग पुन्हा पहिल्यापासून ऐकायला त्याने हेडफोन नीट केले. डाव्या बाजूचा मात्र कानामागे सरकवला. त्या बाजूला भिंत होती. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं.